देठ वाळला का, हवालदार?

डॉक्टरसाहेब, या सगळ्या प्रकाराला तुम्ही जबाबदार आहात. तुमचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुमच्या दवाखान्यातली माणसं म्हणतील, साहेबांनी म्हातारीचा मोतीबिंदू झकास काढला आणि वर हे ऐकायचं. झकास काढला, मान्य. पण ऑपरेशननंतर अंबूबाईच्या हातात जो छापील कागद दिलात, तो देताना एकदा तरी विचारलंत का, की बाई, तुमच्या घरी पत्र्यावर काय आहे? नाही विचारलंत. चाळीस दिवस वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, जिना-शिडी चढायची नाही, काळा चष्मा काढायचा नाही, आणि सगळ्यांत खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: रडायचं नाही. आठ दिवस दिले असते तर भागलं असतं. तुम्ही चाळीस दिलेत. आणि नेमके तेच चाळीस दिवस भोपळा पिकायचे होते.

तो भोपळा साधा नव्हता. अंबूबाई माण तालुक्याच्या कोरड्या मुलखातली, सासर-माहेर दोन्हीकडं मेंढरं. वीस वर्षांपूर्वी मुलगा तानाजी साताऱ्याच्या एमआयडीसीत लागला, त्यानं उंब्रजला घर बांधलं आणि आईला मेंढरांमागून उचलून इथं आणलं. तिच्या आईच्या हातच्या भोपळ्याचं बी तिकडं गावी तिच्या भावानं, सिद्धूनं, राखलं होतं. दर वर्षी एक भोपळा एसटीच्या टपावरून उंब्रजला यायचा. दोन वर्षांमागं सिद्धू गेला. त्याच्या घराच्या आढ्याला टांगलेल्या फडक्यात, राखेत घोळवलेल्या पाच बिया सापडल्या. अंबूबाईनं त्या यंदा पहिल्यांदाच उंब्रजच्या परसात टोचल्या. चार उगवल्या नाहीत. पाचवी उगवली, भिंतीवरून चढली आणि शेजारच्या पीरमहंमदच्या शेडच्या पत्र्यावर जाऊन पसरली. फळं धरली दोन. एक गणपतीतच गळालं. उरलेलं एक पत्र्यावर बसून फुगत गेलं. पीरमहंमदनं त्याच्याखाली गोणपाटाची चुंबळ करून ठेवली, घागरीखाली ठेवतात तशी.

आता हिशेब सरळ होता. भोपळा वेलावर नीट पिकला तर आत बी भरणार. कच्चा उतरवला तर बी फोल, आणि अंबूबाईच्या आईचं बी या जगातून संपलं. बाजारात मिळतात की भोपळे, असं म्हणणाऱ्याशी अंबूबाई बोलतच नसे. बाजारचा भोपळा महिन्यात पाणी सोडतो. तिच्या आईचा भोपळा वर्ष काढायचा, आणि कापताना कोयता दोनदा विचार करायचा.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अंबूबाई परसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, कपाळावर आठ्या. बंदोबस्तावर आलेला एखादा साहेब बसावा तशी.

"पीरभाई, हायसा का?"

"हाय की आक्का. कुटं जातोय."

"शिडी लावा आन् भोपळा बगून या."

पीरमहंमद पत्र्याच्या पेट्या करणारा. त्याची शिडीही त्यानंच केलेली, लोखंडी अँगलची, दोन माणसांनी उचलायची. त्यानं ती अंबूबाईच्या परसातून, मऊ मातीत पाय रोवून पत्र्याला टेकवली, वर गेला आणि खाली आला.

"बगितला. हाय."

"हाय त्ये मलाबी ठावं हाय. कसा हाय?"

"गोल हाय."

"पीरभाई, म्या आंधळी झाले म्हणून येडी झाले न्हाई. देठाला हात लावा. हिरवा, वला लागतोय का बाटलीच्या बुचागत झालाय? देठाशेजारी वेटोळ्याचा ताणा असतोय, त्यो बगा. त्यो वाळून काळा पडला पायजे. आन् नख लावा. नख आत शिरलं तर कच्चा, न्हाई शिरलं तर पिकला."

पीरमहंमद पुन्हा वर गेला. वरून त्याचा आवाज आला, "देठ हिरवा. ताणाबी हिरवा. पर नख काय शिरंना. पिकला आक्का."

इथून गोंधळ सुरू झाला. देठ म्हणतोय कच्चा, नख म्हणतंय पिकला. अंबूबाई खुर्चीत सरळ झाली. तेवढ्यात पलीकडच्या घरातून सयाजी हवालदार दात घासत आला. हवालदार फौजेतून परत येऊन पंधरा वर्षं झाली. चोवीस वर्षं देशानं त्याला सावधान उभा केला आणि मग विश्राम म्हणून एसटी स्टँडच्या बाकावर नेऊन ठेवला. तिथं बसून कुठली गाडी किती उशिरा आली याची तो तोंडी नोंद ठेवायचा. त्या दिवशी मात्र ब्रश खिशात घालून तो शिडी चढला.

"नख आत जातंय," त्यानं वरून कळवलं. "चांगलं दोन सूत. रिपोर्ट कच्चा."

"तुमी खाली या पीरभाई, आन् तुमची बोटं माज्या हातात द्या," अंबूबाई म्हणाली. तिनं पीरमहंमदचा हात चाचपला. पन्नास वर्षं पत्रा कापून, वाकवून, ठोकून त्या बोटांवर नख म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. "ह्या बोटानं कोवळी काकडीबी पिकल्याली लागंल. हवालदार, ह्ये काम आजपासनं तुमचं."

"जी," हवालदार म्हणाला आणि पत्र्यावरच्या भोपळ्याकडं बोट करून विचारलं, "फकस्त हाच ना? दुसरा न्हाई?"

"काय केलंसा?" अंबूबाईनं विचारलं. तिला दिसत नव्हतं, पण पीरमहंमदची बायको जैनबभाबी दारातून "या अल्ला" म्हणाली तेवढ्यावरून ती समजली. "बोट दावलंसा व्हय? वाढत्या भोपळ्याला बोट? कुजतोय त्यानं. मूठ दावायची असती. आता दाही बोटं चावा."

"आक्का, म्या हवालदार माणूस..."

"हवालदारानं दावलं तर जादा कुजतोय. चावा."

सयाजी हवालदारानं परसात उभं राहून दाही बोटं चावली. अंबूबाईनं मोजून घेतली.

संध्याकाळी पाच वाजता दुसरी तपासणी झाली. सहाला तानाजी कामावरून आला, त्यालाही तिनं वर पाठवलं, कारण दोन रिपोर्ट जुळले नव्हते. तानाजीची बायको पूजा बाळंतपणाला फलटणला माहेरी गेलेली, त्यामुळं संध्याकाळी हा गडी मोबाइल घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. त्यानं वर जाऊन भोपळ्याचा फोटो काढला आणि कुठल्याशा परसबागवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एकवीस उत्तरं. एकानं लिहिलं, लगेच काढा. एकानं लिहिलं, अजून महिना हात लावू नका. एकानं विचारलं, हा भोपळा आहे की डांगर? मग त्या दोघा-तिघांची आपसात जुंपली आणि भोपळा बाजूला राहिला. अंबूबाईला हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "तान्या, त्यांच्यातल्या एकाला तरी शिडी हाय का इचार."

असं रोज सुरू झालं. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. आठवड्यात भोपळ्याला इतकी नखं लागली, की जैनबभाबी वाळत घातलेल्या मिरच्या काढायला वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "आक्का, भोपळ्याला कांजण्या आल्याती." त्यावर अंबूबाईनं नखाला दोन दिवसांतून एकदा असा नियम केला. शिडी मात्र जागची हलवायची नाही असं पीरमहंमदनं ठरवलं. मणभर वजनाची वस्तू रोज दोनदा कोण उचलणार?

एक सांगायलाच पाहिजे. या तीन घरांच्या मधे कमरेएवढ्या दोन भिंती, पण गेल्या कित्येक वर्षांत या परसात पाच माणसं एका जागी बसली नव्हती. कशाला बसतील? पीरमहंमदच्या शेडमधला ठोक्याचा आवाज बंद पडलेला, कारण लग्नात पेटी द्यायची पद्धत गेली आणि चाकांच्या बॅगा आल्या. आता तपासणी आटोपली की माणसं निघून जायची नाहीत. जैनबभाबी अंबूबाईच्या डोळ्यांत थेंब टाकायला यायची, ती येताना आल्याच्या चहाची किटली घेऊनच. मग कुणीतरी काहीतरी काढायचं.

"माजी भरतीची पेटी ह्येंच्या वडलांनी केल्याली," हवालदार एकदा म्हणाला. "काळी. वर पांढऱ्या अक्षरात नाव, नंबर. पठाणकोटला एकजण इचारतोय, कुटनं आनली? म्या म्हनलं, उंब्रज. तर म्हनतोय, ह्ये कुटल्या देशात?"

"त्या पेटीचं बिजागर मी बसवल्यालं," पीरमहंमद म्हणाला. "अब्बा म्हनायचे, फौजेतल्या पोराची पेटी हाय, दोन रिबीट जादा मार. घरी सोताच्या पायानं यील का न्हाई ठावं न्हाई, पेटी तर आली पायजे."

"म्या आलो. पेटी मनमाडला ऱ्हायली," हवालदार म्हणाला. यावर सगळे इतके हसले की अंबूबाईला डोळा दाबून धरावा लागला, कारण हसून पाणी आलं तर ते रडण्यात धरायचं का, हे तुमच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

अंबूबाईही सांगायची. भोपळ्याच्या घाऱ्या, गुळात मळलेल्या, दोन दिवस न बिघडणाऱ्या. मेंढरं कोंडायच्या वाडग्याशेजारी दगडांची चूल. आई भोपळ्याच्या बिया भाजायची आणि पोरांना मोजून द्यायची, पण टपोऱ्या आधीच बाजूला काढून. "खायच्या येगळ्या, पेरायच्या येगळ्या. पेरायच्याला हात लावला की आय चुलीतलं लाकूड घ्यायची," ती म्हणायची. मग, "हवालदार, पाच वाजलं न्हाईत का?"

सव्वीसाव्या दिवशी सकाळी हवालदार वरून ओरडला, "आक्का, ताणा वाळला."

अंबूबाईच्या तोंडावर हसू आलं. "आन् देठ?"

"देठबी वाळायला लागलाय. फळाशेजारचं पान पिवळं."

"ह्ये बगा, म्हनत हुते का न्हाई? आता पुडचं पान कसं हाय?"

"त्येबी पिवळं."

"त्याच्या पुडचं?"

हवालदारानं पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आक्का, समदीच पिवळी हायती. काही तर वाळून गोळा झाल्याती."

"एका दिसात? समदी?"

हवालदार खाली उतरला. उतरताना त्याचं लक्ष शिडीच्या पायाशी गेलं आणि तो शेवटच्या पायरीवरच थांबला. त्यानं पीरमहंमदला खुणेनं बोलावलं. मऊ मातीत रोज दोनदा, तीन माणसांच्या वजनानं, शिडीचा लोखंडी पाय बोटबोट खाली गेला होता. आणि त्या पायाखाली, मातीलगत, वेलाचं खोड होतं. कापल्यासारखं दोन तुकडे. भोपळा पिकला की नाही हे बघता बघता तिघांनी मिळून वेल मारला होता. पिकल्याच्या सगळ्या खुणा आता दिसत होत्या, आणि त्यातली एकही खरी नव्हती.

"काय रं झालं? गप का?" खुर्चीतून प्रश्न आला.

"काय न्हाई आक्का, शिडीला गंज धरलाय," पीरमहंमद म्हणाला.

संध्याकाळी शेडच्या आत बैठक बसली. तानाजीनं तो कागद आणला होता. "सांगून टाकू या," तो म्हणाला. "आईला कळल्याशिवाय ऱ्हानार हाय का?"

"सांग की. पर शेवटचं कलम वाच आदी," हवालदार म्हणाला.

तानाजीनं वाचलं. रडायचं नाही.

"ती रडली आन् टाका सुटला, तर कोण जबाबदार? तू का म्या?" हवालदारानं विचारलं. "चौदा दिस ऱ्हायल्याती. तवर वेल हिरवा हाय."

"आन् चौदा दिसांनी?"

"तवा बगू. फौजेत असंच करत्यात."

तर डॉक्टरसाहेब, खोटं बोलायची सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीतून झाली हे ध्यानात घ्या. पुढचं सगळं त्यातूनच आलं. अंबूबाईला सांगण्यात आलं, की सकाळच्या उन्हात हवालदाराच्या डोळ्यांपुढं पिवळं आलं होतं, पित्तामुळं, पानं ठणठणीत आहेत. तिनं "आसंल" म्हटलं. पण वारा सुटला की वाळली पानं पत्र्यावर खरखर वाजायची. "पानं वाजत्यात का?" असं तिनं दोनदा विचारल्यावर पीरमहंमदनं सगळी वाळली पानं गुपचूप काढून टाकली. मग पत्रा मुळीच वाजेना, तर तिनं विचारलं, "पानं वाजंनात कशी?" तेव्हा हवालदारानं स्वतःच्या परसातल्या दुधीचे दोन हिरवे शेंडे कापून आणले आणि पीरमहंमदनं ते बारीक तारेनं वाळक्या वेलाला बांधले. काम मात्र सुबक केलं. पेट्या करणाऱ्याचा हात, तार कुठं वळली ते दिसत नव्हतं. दर दोन दिवसांनी शेंडे बदलावे लागायचे. हवालदाराची बायको केरबाच्या दुकानात सांगत होती, आमच्या दुधीला कुठलासा रोग आलाय, शेंडेच गायब होतात.

तेहतिसाव्या दिवशी, तानाजीला सुट्टी होती, संध्याकाळच्या तपासणीला अंबूबाई म्हणाली, "एक पान तोडून माज्या हातात द्या."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. तानाजी वर जाऊन एक पान घेऊन आला. अंबूबाईनं ते तळहातावर पसरलं, अंगठ्यानं चोळलं. भोपळ्याचं पान खरबरीत, बोचणारं. दुधीचं पान मखमलीसारखं.

"ह्ये मऊ कसं लागतंय?"

"दव पडलंय, आक्का," पीरमहंमद म्हणाला.

"संध्याकाळी पाचला?"

"यंदा लवकर पडतंय. हवामान बदललंय म्हनत्यात," तानाजी म्हणाला.

अंबूबाईनं पान नाकाशी नेलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बरं. बसा. हवालदार, त्या पठाणकोटच्या मान्साचं फुडं काय झालं त्ये सांगा."

इकडं तिघांची झोप उडाली. पीरमहंमदनं दोनदा तानाजीला विचारलं, तोडलेल्या वेलावरच्या भोपळ्यात बी भरतं का. तानाजीनं ग्रुपवर विचारलं. अकरा जण हो म्हणाले, अकरा जण नाही म्हणाले, आणि एकानं सुप्रभातचा फोटो टाकला.

एकेचाळिसाव्या दिवशी तानाजी आईला घेऊन दवाखान्यात गेला आणि दुपारी परत आला. परसात पीरमहंमद, जैनब आणि हवालदार उभे होते. हवालदारानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, कोर्टात जाताना घालतात तसा. अंबूबाई दारातून आली. चष्मा नव्हता. दहा वर्षांत तिला इतकं लख्ख दिसलं नव्हतं. तिनं आधी भिंत पाहिली, मग किटली पाहिली, मग माणसं.

"पीरभाई," ती म्हणाली, "तुमी लय म्हातारं झालायसा. सांगायचं तरी."

"तुमी इचारलं न्हाई आक्का."

"भाबी, तू हाय तशीच हायेस. हवालदार, मिशीला कलप लावताय व्हय?" आणि कुणी अडवायच्या आत काठी भिंतीला लावून, पदर खोचून ती शिडी चढली.

वर ती वेलावरून हात फिरवत सरकत गेली. खाली चौघं मान वर करून उभे. मग वरून तारेचा एक तुकडा पडला. मग दुधीचा एक शेंडा. मग दुसरा.

"तिघं गडी," वरून आवाज आला, "आन् एक वेल राखता आला न्हाई. हवालदार, तुमी म्हनं देशाची हद्द राखली."

"आक्का, चूक शिडीची हाय..." पीरमहंमद म्हणाला.

"शिडी सोताच्या पायानं आल्ती का?"

ती खाली उतरल्यावर तानाजीनं सगळं सांगितलं, कागदाच्या शेवटच्या ओळीसकट. अंबूबाई ऐकत राहिली. ती रडेल म्हणून सगळे तयारीत होते. जैनबभाबीनं तर पदराचं टोक हातात धरून ठेवलं होतं. पण ती रडली नाही. म्हणाली, "भोपळा खाली घ्या. चुंबळीसकट."

भोपळा परसात पोत्यावर ठेवला. अंगावर अडीचशे तरी नखं. अंबूबाईनं घरातून कोयता आणला आणि पीरमहंमदपुढं धरला. अख्ख्या भोपळ्यावर पहिली चीर बाईनं द्यायची नाही, पुरुषानं द्यायची, ही तिकडची रीत.

"म्या कशाला आक्का? तानाजी हाय की घरचा."

"वाढलाय कुनाच्या पत्र्यावर? तुमच्या. मारा."

पीरमहंमदनं पुटपुटत बिस्मिल्ला केला आणि कोयता घातला. कोयता अडला. त्यानं पुन्हा जोर लावला आणि भोपळा कर्रकन उघडला. आत रंग होता, अगदी केशरी नव्हे, पण हळदीला लाजवील असा. अंबूबाई उकिडवी बसली आणि एकेक बी काढून चिमटीत दाबायला लागली.

"फोल," ती म्हणाली. बी पोत्याच्या डाव्या बाजूला गेलं.

"फोल."

"फोल."

आठ, दहा, पंधरा. पीरमहंमद जमिनीकडं बघत होता. हवालदारानं टोपी काढली. डाव्या बाजूचा ढीग वाढत गेला. रस्त्यावरून पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग अंबूबाईनं गराच्या पार पोटात बोटं घातली, एक बी काढलं, दाबलं, पुन्हा दाबलं. काही न बोलता उजव्या बाजूला ठेवलं. त्यानंतर दुसरं. मग दोन एकदम. शेवटी डावीकडं ओंजळभर झालं आणि उजवीकडं मूठभर, टपोरं, पांढरं, काठाला जाड. तिनं तेवढंच मोजलं. एकोणचाळीस.

"पाचावर आलोतो," ती म्हणाली. "आता हाय म्हनायचं."

जैनबभाबीनं धरून ठेवलेला पदर स्वतःच्याच डोळ्यांना लावला. हवालदारानं टोपी घातली. पीरमहंमद खाली बसला.

"आक्का," तो म्हणाला, "यातलं चार बी मला द्या. म्होरल्या साली म्या लावतो. पर ती पारख मला नीट शिकवा. देठ किती वाळावा, ताणा कसला काळा पडावा. ह्या टायमाला आमाला काय नीट कळलं न्हाई."

अंबूबाई बिया फडक्यात घेत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तरी कुटं ठावं हाय."

"म्हंजी?"

"आमी कवा थांबलोय भोपळ्यापाशी? मृगात बी टोचायचो. गणपतीत फुलं. दसऱ्याला फळ डोक्याएवढं व्हायचं, आन् दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमी निघालो. घराला कडी. समदा उन्हाळा पार किस्नाकाठाला, डोंगराकडं. माघारी यायचो त्ये जेष्ठात. तवा छपरावर त्यो असायचाच. वेल वाळून राख, आन् भोपळा दगडागत. पिकताना त्याला आमच्यातल्या कुनीच बगितलं न्हाई. तीन-चारांतला एखादा माकडं न्यायची, एखादा ऊन. ऱ्हायलेला आमची वाट बगत बसल्याला." तिनं फडक्याला गाठ मारली. "सिद्धूला ठावं आसंल. त्यानं मेंढरं इकली आन् घरी बसला. त्यो गेला."

मग हवालदारानं सावकाश विचारलं, "मग ह्ये देठाचं, ताण्याचं, नखाचं?"

"आय सांगायची. तिला तिची आय सांगायची. तीबी मेंढरामागंच."

"आन् त्ये पान? दवाचं?"

"दुधीचं व्हतं त्ये. वासानं कळतंय की. माज्या घरात दुधी शिजत न्हाई व्हय?"

तिघं जण तिच्याकडं बघत राहिले. पान हातात घेऊनही ती काही बोलली नव्हती, आणि त्यानंतर सात दिवस, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला, मेलेला वेल तपासायला तिनं त्यांना वर पाठवलं होतं. हवालदारानं दाही बोटांकडं पाहिलं. पीरमहंमदनं शिडीकडं पाहिलं.

अंबूबाई उठली, बियांची गाठ कमरेला खोचली. "भाबी," ती म्हणाली, "चा ठेव गं सगळ्यास्नी. पाच वाजायला आलं."

"चा मागनं," सयाजी हवालदार म्हणाला, आणि शिडीला पाठ लावून, वाट अडवून उभा राहिला. "तुमाला काय ठाऊक नव्हतं, तर चाळीस दिस, दिसातनं दोन येळा, आमाला ह्या शिडीवर कशापायी चढवलंसा? त्ये आदी सांगा आक्का."